निळ्या परातीतला डीकन

केटलर गाव
१५ सप्टेंबर १९५७

प्रिय व्हर्ना,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. तू पाठवलेले मोजे मिळाले आणि मापाचे निघाले. आर्लीन गेल्यापासून तू दर महिन्याला काही ना काही पाठवतेस आणि आभार मानायचं माझ्याकडून राहून जातं. ते आज एकदम मानतो.

आज काम वेगळं आहे. तू ग्रंथालयात बसतेस, पुस्तकं तुझ्या हाताशी आहेत, म्हणून तुलाच विचारतो. चावऱ्या कासवाचं, म्हणजे आपल्या स्नॅपरचं, नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू काय खातं?

हसायचं असेल तर हसून घे. मी थांबतो.

मंगळवारी मला ते रस्त्यावर सापडलं. कोटाच्या बटणाएवढं आहे. पाठ चिखलाच्या रंगाची आणि शेपूट मात्र अंगाएवढी लांब. कुणाच्या तरी चाकाखाली गेलं असतं म्हणून उचललं आणि टोपीत घालून घरी आणलं. आर्लीन ज्या निळ्या परातीत घेवडा निवडायची ना, त्या परातीत ठेवलं आहे. दोन बोटं पाणी आणि ओढ्यातला एक चपटा दगड घातला आहे. पाव दिला तर खाल्ला नाही. उकडलेलं अंडं दिलं तर त्याच्यावर चढून बसलं आणि तासभर माझ्याकडे बघत राहिलं.

उत्तर पत्रानेच दे, फोन करू नकोस. तुला माहीतच आहे, आमच्या एका तारेवर आठ घरं आहेत. इथे फोनची घंटा वाजली की आठही घरांत लोक हळूच रिसीव्हर उचलतात. विल्मर क्राउस कासवाचं पिल्लू पाळतो हे आगीच्या बंबखान्यात कळलं तर मला गाव सोडावं लागेल.

तुझा मेहुणा,
विल्मर

---

ॲक्रन
२० सप्टेंबर १९५७

प्रिय विल्मर,

हसून झालं. दोन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

आता मला नीट समजून घेऊ दे. दर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तुमचे बंबवाले नव्या पाइपासाठी नाहीतर शिडीसाठी जेवण घालतात, सगळं खोरं लोटतं, आणि लोटतं ते स्नॅपरच्या सुपासाठी. ते सूप गेली एकतीस वर्षं तू करतोस. जूनपासून तुझ्या अंगणात पिंपं मांडलेली असतात, त्यांत चांगल्या पाण्यात ठेवून कासवांच्या पोटातला चिखल जाऊ देतोस, आणि मग कुऱ्हाड घेतोस. आजपर्यंत तू किती कापलीस हे तुला तरी सांगता येईल का? आणि तो तू आता मला विचारतोस की बाळाला काय भरवू.

तर बाळाला गांडुळं भरव, बारीक चिरून. ओढ्यातले चिमुकले मासे चालतील. कलेजी द्यायची तर गव्हाच्या दाण्याएवढी, आणि रोज नको. पाणी पाठीला जेमतेम लागेल इतकंच ठेव आणि रोज बदल. दिवसा वर दिवा लाव, त्यांना ऊब लागते. पुस्तकात असंही लिहिलंय की हा प्राणी पाळू नये, कारण मोठा झाला की बोट तोडतो. ते तुला पुस्तकाने सांगायला नको.

एक गोष्ट मात्र कळली नाही. तुझं घर चढावर, ओढा खाली कुरणापलीकडे, आणि रस्ता घराच्याही वर. अंड्यातून निघालेलं पिल्लू पाण्याकडे जातं असं पुस्तक म्हणतं. मग हे डोंगर चढून रस्त्यावर कशाला गेलं? नक्की कुठे सापडलं तुला?

आणि त्याला नाव ठेवू नकोस. नाव ठेवलं की माणूस अडकतो.

व्हर्ना

---

केटलर गाव
१३ ऑक्टोबर १९५७

प्रिय व्हर्ना,

त्याचं नाव डीकन. तुझं पत्र यायच्या आधीच ठेवलं होतं, आता काय करणार. आपल्या चर्चमधले म्हातारे डीकन वर्गणीची थाळी फिरवताना ज्या नजरेने बघतात, तसंच हे बघतं. थाळीत तू कमी टाकलंस हे त्याला ठाऊक आहे.

गांडुळं लागू पडली. पहिलं गांडूळ चिमट्याने पुढे धरलं तेव्हा त्याने मान इतकी लांब काढली की एवढी मान आत मावते कुठे असं मला झालं. आता दोन बटणांएवढं झालंय असं सांगितलं असतं, पण खोटं कशाला, होतं तेवढंच आहे. जोर मात्र आलाय. परवा माझ्या करंगळीला धरलं आणि सोडेचना. मी स्वयंपाकघरात हात वर करून उभा, बोटाला कासव लोंबतंय, आणि त्याच वेळी एल्वूड हेस दार न वाजवता आत आला. चाळीस वर्षांचा शेजारी, त्याने कधी दार वाजवलंय? त्याने वाकून कासव नीट बघितलं. मग म्हणाला की विल्मर, सुपाला हे पुरणार नाही.

मी त्याला गप्प राहायला सांगितलंय. एल्वूड माणूस बरा आहे, पण आमच्या तारेवर भिंतीऐवजी माणसांनाच कान आहेत.

सकाळी उठल्यावर कुणाला तरी काही द्यायचं आहे, हे बरं वाटतं. एवढंच लिहितो, जास्त विचारू नकोस.

या वर्षी सूप दुसरं कुणीतरी ढवळेल. माझा खांदा दुखतोय.

विल्मर

---

ॲक्रन
१२ नोव्हेंबर १९५७

प्रिय विल्मर,

कसायाला गाय धार्जिणी म्हणतात, ती म्हण तुझ्या डीकनने खरी केली. तो तुझ्या हातून खातो याचा मला आनंदच आहे. तू कुणाला तरी खाऊ घालतोस याचा त्याहून जास्त आहे.

पण तू ताकाला जाऊन भांडं लपवतोयस. मी रस्त्याबद्दल विचारलं, तू करंगळीची गोष्ट सांगितलीस. खांदा दुखतो म्हणालास, आणि हात वर करून उभा होतो हेही त्याच पत्रात लिहिलंस.

एल्वूडचं मला कार्ड आलं. त्याने चारच ओळी लिहिल्यात. जेवणाच्या दिवशी तू ट्रक घेऊन बंबखान्यापर्यंत गेलास, दिवे बंद करून दोन तास ट्रकमध्येच बसलास, आणि आत न येता घरी गेलास. त्याने तुला काही सांगायचं ठरवलं होतं, पण तो बाहेर येईपर्यंत तू निघून गेला होतास. तू बारीक झालायस आणि खोकतोस असंही लिहिलंय.

विल्मर, आर्लीन माझी बहीण होती. मलाही अजून तिला पत्र लिहायला कागद काढावासा वाटतो आणि मग आठवतं. तू एकटा बसून कशाशी झगडतोयस ते मला सांग. आणि नाताळला इकडे ये. डीकनलाही घेऊन ये, माझ्या न्हाणीघरात मोठा टब आहे.

येणार नसशील तर बर्फ पडायच्या आत त्याला सापडला तिथे सोडून दे. पण तिथे म्हणजे कुठे, ते तुलाच माहीत.

व्हर्ना

---

केटलर गाव
२१ जानेवारी १९५८

प्रिय व्हर्ना,

नाताळला आलो नाही, कळवलंही नाही, माफ कर. खोकला छातीत उतरला होता. आठ तारखेला एल्वूडने मला उचलून दवाखान्यात नेलं आणि नऊ दिवस तिथे ठेवलं. न्यूमोनिया होता. आता बरा आहे.

डीकन मेला.

एल्वूड रोज येऊन चुलीत कोळसा घालत होता आणि त्याला कलेजीचा कण देत होता. पण तेरा तारखेला वादळ आलं, गल्ली बर्फाने भरली आणि चार दिवस त्याला इथवर येता आलं नाही. चूल विझली. मी सतरा तारखेला घरी आलो तेव्हा परातीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ होता आणि तो खाली दगडाला टेकून पडला होता, डोळे मिटलेले. बाहेर काढला, हलवला, शेपटीला चिमटा घेतला. काही नाही. अंधार पडेपर्यंत हातात घेऊन बसलो. एल्वूड दारात टोपी काढून उभा होता, त्याच्यावर मी रागावलो नाही.

जमीन दोन फूट गोठली आहे, फावडं चालत नाही. म्हणून कॉफीच्या डब्यात ओलं शेवाळ घालून त्यात ठेवलाय, आणि डबा खाली झऱ्यावरच्या दगडी खोलीत, जिथे आपण पूर्वी दुधाच्या बरण्या ठेवायचो. मार्चमध्ये माती सुटली की पुरेन.

आता तू विचारलं होतंस ते सांगतो. लपवण्यात काही अर्थ राहिला नाही.

रस्त्यावर सापडला हे खोटं. तो आर्लीनच्या घेवड्याच्या वाफ्यात सापडला.

गेल्या जूनच्या चार तारखेला सकाळी एक मोठी मादी कुरण ओलांडून वर आली आणि नुकत्याच खणलेल्या वाफ्यात अंडी घालायला बसली. वजन वीस पौंडांच्या खाली नसेल. पाठीच्या मागच्या कडेला डावीकडे खोल खाच होती, कधीतरी नांगर लागला असावा. मी पोतं आणायला वळलो, तर आर्लीन अंगणातला झाडू घेऊन माझ्या आणि तिच्या मध्ये उभी. म्हणाली, "विल्मर, ती बाळंतीण आहे. हिला नाही."

मी बरं म्हणालो. दुपारी आर्लीन चर्चमध्ये शिवणाला गेली. मादी ओढ्याकडे परत निघाली होती. कुरणाच्या फाटकापाशी मी तिला पोत्यात घातलं आणि पिंपात टाकलं. वीस पौंड होती, व्हर्ना, माझ्या डोळ्यांसमोर फक्त वजन होतं. संध्याकाळी आर्लीनने विचारलं, गेली का ती? मी म्हणालो, गेली. आर्लीनने अंड्यांभोवती काड्या रोवल्या आणि त्यांच्या बाहेरून घेवडा लावला.

एकोणीस तारखेला आर्लीन गेली. ते खोटं दुरुस्त करायला मला पंधरा दिवस होते आणि मी केलं नाही.

जुलैत बंबवाले येऊन पिंपं घेऊन गेले. मी तेव्हा कशातच नव्हतो. ऑगस्टच्या शेवटी स्कंकने, त्या घाण वास सोडणाऱ्या जनावराने, वाफा उकरला आणि अंडी खाल्ली. सप्टेंबरमध्ये घेवड्याचे वाळके वेल उपटताना फुटकी कवचं मिळाली, आणि एका मुळाखाली हा एकटा, जिवंत. मी ठरवलं की निदान हा तरी जगला पाहिजे. हा जगला तर मी आर्लीनला तोंड दाखवू शकेन, असं काहीतरी मनात घेतलं होतं. हसू नकोस.

नोव्हेंबरच्या त्या सुपात ती मादी होती. मी ट्रकमध्ये बसून होतो आणि लोक डबे भरून हसत बाहेर येत होते. आता आईही माझ्या हातून गेली आणि पिल्लूही. ही माझी शिक्षा आहे आणि ती बरोबर आहे.

विल्मर

---

तार
ॲक्रन, २४ जानेवारी १९५८

पिल्लू पुरू नको. आत्ताच्या आत्ता चुलीमागे ठेव. तुझ्या बापाचं वाक्य आठव. मादीचीही बातमी चांगली आहे. पत्र येत आहे. व्हर्ना

---

ॲक्रन
२४ जानेवारी १९५८

प्रिय विल्मर,

तार मिळाली असेल आणि तू अजून खुर्चीतच बसला असशील, तर हे पत्र खाली ठेव आणि आधी झऱ्यावर जा. गेलास? आता वाच.

मी बारा वर्षांची असताना तू तुझ्या वडिलांबरोबर आमच्या घरी पहिल्यांदा आलास. जानेवारी होता. तू आणि तुझे वडील लोखंडी सळईने ओढ्याचा चिखल टोचत फिरायचा आणि खाली टक्क आवाज आला की स्नॅपर बाहेर काढायचा. आर्लीनला मागणी घालायला आलेला मुलगा फुलं आणतो. तू पोत्यातून दोन स्नॅपर आणलेस, लाकडासारखे ताठ, डोळे मिटलेले. आईने ती चुलीमागे ठेवली. आपण जेवायला बसलो, आणि ती पायांत येईपर्यंत कुणाला कळलं नाही. आईची किंकाळी, मांजर पडद्यावर, बाबा खुर्चीवर चढलेले. आणि तुझे वडील शांतपणे रस्सा ओरपत काय म्हणाले? "थंड कासव मेलं म्हणू नये. ऊब देऊनही उठलं नाही, तरच ते मेलं." आर्लीन इतकी हसली की तिथेच तुझं लग्न ठरलं.

हे तू बंबखान्यात प्रत्येक नव्या पोराला शिकवलंस. आणि स्वतःच्या परातीतलं कासव गारठलं तेव्हा विसरलास. मला वाटतं तू विसरला नाहीस, तुला शिक्षा हवी होती, आणि ती समोर आली तशी तू सही करून घेतलीस. पिल्लू उठेल की नाही मला माहीत नाही. इतके दिवस गारठल्यावर मी खात्री देणार नाही. पण बघितल्याशिवाय पुरू नकोस.

आता दुसरी गोष्ट. सोबत आर्लीनचं पत्र पाठवते आहे. गेल्या सहा जूनचं. ते माझ्या पेटीत सगळ्यात वर होतं, पण जूननंतर पेटी उघडायचा मला धीर झाला नव्हता. काल रात्री उघडली. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तिच्या हातचं वाच. तरी घाईत तुझा चष्मा सापडला नाही तर, म्हणून मुख्य तेवढं इथेही उतरवते:

"व्हर्ना, एक गंमत सांगते, पण विल्मरला सांगणार नाहीस अशी शपथ घे. मंगळवारी मी एका मादीला हात लावू नकोस म्हणून त्याला बजावलं. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, गेली. म्हणताना माझ्याकडे नाही, मिठाच्या बरणीकडे बघत होता. तेव्हाच ओळखलं. पिंपात डोकावले तर बाईसाहेब आत, पाठीच्या खाचेसकट. मला राग यायला हवा होता, पण पिंपाला धरून हसत सुटले. पस्तीस वर्षं झाली लग्नाला आणि या माणसाला अजून धड खोटं बोलता येत नाही. काल तो गिरणीत गेल्यावर एल्वूडला बोलावलं. त्याच्याकडे त्याच वजनाचा एक नर होता. तो पिंपात टाकला आणि तिला पुलाखाली ओढ्यात सोडून आलो. विल्मर वजन बघतो, तोंड बघत नाही, त्याला कळायचं नाही. नोव्हेंबरच्या जेवणाला पहिला वाडगा त्याच्यापुढे ठेवीन आणि मग सगळ्यांसमोर सांगेन. तोंड बघायला तू ये. एल्वूडलाही तोवर गप्प राहायची शपथ घातली आहे."

नोव्हेंबर तिच्या वाट्याला आला नाही. तू शोकात होतास, मला कासवाची गंमत सांगणं बरं दिसलं नाही, आणि पुढे मी विसरूनच गेले. तू रस्त्याची थाप मारलीस तेव्हा मला वाटलं एकटेपणाने पिल्लू उचलून आणलंय आणि सांगायला लाजतोयस. त्याच मादीला तू सात महिने उरावर घेऊन बसला आहेस हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती सुपात नव्हती, विल्मर. आणि तू खोटं बोललास हे आर्लीनला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने माफ केलं होतं, नुसतं हसून.

काय झालं ते लगेच कळव. मला झोप येणार नाही.

व्हर्ना

---

केटलर गाव
२९ जानेवारी १९५८

प्रिय व्हर्ना,

जिवंत आहे.

आधी हे लिहून टाकलं, आता क्रमाने सांगतो. तुझी तार तारघरातल्या बाईने फोनवर वाचून दाखवली. इकडे तार अशीच देतात, तू विसरलीस. ती वाचू लागली तेव्हा मला तारेवर रिसीव्हर उचलल्याचे आवाज एकामागून एक ऐकू आले. मी सात मोजले. तिने "पिल्लू पुरू नको" असं म्हटलं आणि कुणीतरी बाई "अरे देवा" म्हणाली.

मी सपाता घालूनच झऱ्यावर धावलो. डबा आणला. डीकन होता तसाच, शेवाळाला चिकटलेला. परातीत कोमट पाणी घालून चुलीमागे ठेवला आणि समोर बसलो. तासभर काही नाही. दुसरा तास गेला. बापाचं वाक्य मला आता आठवत होतं आणि मी ते का विसरलो हे तू लिहिलंस ते खरं आहे. लाज वाटली.

तेवढ्यात एल्वूड आला. त्याच्यामागे आमच्या तारेवरचे मोयर नवराबायको, मग पाद्र्यांची बायको केक घेऊन. पिल्लू म्हणजे काय ते कुणालाच कळलं नव्हतं. मोयरीणबाईंना वाटलं कुणाचं तरी मूल आहे, त्या घोंगडी घेऊन आल्या होत्या. पाचजण स्वयंपाकघरात परातीभोवती बसलो. एकतीस वर्षं ज्यांना मी सूप वाढलं तेच लोक, आणि कुणी एक शब्द टाकून बोललं नाही.

चौथा तास संपता संपता मागचा डावा पाय हलला. मला भास झाला असं वाटलं, म्हणून मी बोललो नाही. एल्वूड म्हणाला, "पाय." मग दुसरा पाय. मग एक डोळा उघडला आणि त्याने आम्हा पाचजणांकडे थाळीत काहीच पडलं नसल्यासारखं बघितलं. मी त्याला उचलायला गेलो तर चावला. मी रडलो, व्हर्ना. सगळ्यांसमोर, नाक पुसत रडलो. एल्वूड तेवढा वेळ मिठाच्या बरणीकडे बघत राहिला. तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

तुझं पत्र सोमवारी आलं. चष्मा सापडला, आर्लीनचंच पत्र वाचलं. एकदा वाचलं आणि मग एल्वूडच्या घरी चालत गेलो आणि ते त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं, घडी केली आणि म्हणाला, "तिने नोव्हेंबरपर्यंत सांगू नको म्हटलं होतं. नोव्हेंबरमध्ये तू आतच आला नाहीस."

मी विचारलं की मग नंतर का नाही सांगितलंस. तर म्हणे, तुझ्या तोंडावर हसू दिसेल तेव्हा सांगायचं ठरवलं होतं, ते दिसलं नाही. चाळीस वर्षांचा शेजारी आणि इतका बावळट. आम्ही दोघांनी मिळून तिची गंमत वाया घालवली असती.

देव तारी त्याला कोण मारी म्हणतात. मी मारायला निघालो होतो, आर्लीनने तारलं. काल रात्री मी नऊ तास झोपलो.

विल्मर

---

ॲक्रन
३ फेब्रुवारी १९५८

प्रिय विल्मर,

मीही झोपले. तुझं पत्र ग्रंथालयात उभ्यानेच वाचलं, आणि "जिवंत आहे" हे इतक्या मोठ्याने वाचलं की मीच ज्यांना रोज गप्प करते त्यांनी मला गप्प केलं.

डीकनला उन्हाळ्यापर्यंत नीट ऊब दे. पुढे काय करायचं ते मी सांगणार नाही. तुला आता खोटं बोलायचं कारण उरलेलं नाही, आणि त्याला परातीत राहायचं कारण आहे का, ते तू बघ.

जूनमध्ये मी येते आहे. गाडीचं तिकीट काढलं आहे. नाही म्हणू नकोस.

व्हर्ना

---

केटलर गाव
८ जून १९५८

प्रिय व्हर्ना,

तू पंधराला इथे पोचशील, हे पत्र तू निघायच्या जेमतेम दोन दिवस आधी मिळेल, पण मला थांबवत नाही.

डीकनला मेच्या अठरा तारखेला सोडलं. वाफ्याच्या खाली जिथे कुरणाचं पाणी ओढ्याला मिळतं, तिथे उथळ आहे आणि गवत आहे. टोपीतूनच नेलं. पाण्याच्या कडेला ठेवलं तर जागचा हलेना, मला वाटलं घरी परत यायचं म्हणतोय. माझाही हात त्याला उचलायला पुढे झाला, ते कबूल करतो. मग एकदम चिखलात घुसला. वळून बघितलं नाही. कासवाने कशाला वळून बघायचं. निळी परात मी धुऊन खिळ्याला टांगली.

बंबवाल्यांना सांगितलं की या नोव्हेंबरला कोंबडी आणि मक्याचं सूप करीन, हवं तर खा. मोयरही त्यांच्यातलाच, तो म्हणाला, बरं झालं, कुणीतरी म्हणेल याचीच आम्ही वाट बघत होतो, ते कवच फोडून आमचे हात गेले.

आता आजचं. सकाळी चर्चला निघालो होतो, कोट घातला होता. एल्वूड न्यायला आला. दारातच थांबला आणि बागेकडे बोट दाखवलं.

वाफ्यात ती होती. मी गेल्या आठवड्यातच माती खणून घेवड्यासाठी मऊ करून ठेवली आहे. तिथे ती मागचे पाय रोवून खड्डा उकरत होती आणि पाठीच्या मागच्या कडेला डावीकडे ती खाच होती. मी जवळ जाऊन नीट बघितली. तोंडही बघितलं. आर्लीनचं खरं होतं, इतक्या वर्षांत मी एकाही कासवाचं तोंड बघितलं नव्हतं.

एल्वूड नुसतं बघायला म्हणून पुढे सरकला. त्याच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण माझा हात आपोआप दाराआड गेला आणि आर्लीनचा झाडू घेऊन मी त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. ती अंडी घालून, माती लोटून ओढ्याकडे जाईपर्यंत दीड तास उभा होतो, कोट घालून. चर्च चुकलं.

अंड्यांभोवती मी काड्या रोवल्या आहेत आणि वरून जाळी ठोकली आहे, स्कंकला जमणार नाही. घेवड्याचं बी भिजत घातलंय. तू आलीस की जाळीच्या बाहेरून दोघं मिळून लावू.

विल्मर